कानवालं नाणं

"या रविवारी आपल्या घरात मिक्सर येनार म्हंजे येनार!"

सापगावच्या पंढरी रिक्षावाल्याने अंगणात उभं राहून हे असं जाहीर केलं, की शेजारच्या तीन घरांनाही कळलं. मिक्सरचं हे वचन लग्नातलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि रंजना अजून पाट्यावरच वाटण वाटत होती. तिने मनगट दाबत "काय नाय, जरा दुखतंय" म्हटलं, की पंढरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण आता त्याच्याकडे नाणं होतं! पाच रुपयांचं, टाकसाळीतच चुकलेलं. छाप एका बाजूला सरकलेला, आणि दुसऱ्या बाजूने कोरी कड कानासारखी बाहेर आलेली. कल्याणच्या प्रज्वल नावाच्या नाणी जमवणाऱ्याला त्याने फोटो पाठवला होता, आणि लगेच फोन आला होता.

"काका, तो कान आहे ना, त्याचेच पैसे! रविवारी येतो. पाच हजार रोख!"

पंढरीने नाणं देवाच्या फळीवर हळदीकुंकवाशेजारी ठेवलं. रंजनाला मात्र नाण्याचं काही सांगितलं नाही. गंमत करायची होती ना! ती गंमत त्याच्याच अंगाशी आली.

शनिवारी सकाळी बघतो तर फळी रिकामी!

"रंजे, हितलं नाणं कुठं हाय?"

"कानवालं? परवा बारकीवन्सं आल्या होत्या, त्यांच्या ओटीत घातलं."

"ओटीत? अगो, पाच हजाराचं होतं ते!"

"मला सांगितलं होतं तुमी? दुकानवाला घेत नाय, कंडक्टर घेत नाय. मग ओटीतच जानार ना! माझ्या ओटीत तरी कुठनं आलं? शेजारच्या लहानीनं घातलं. ओटीतल्या नाण्याला कोन नाय बोलतं?"

बायकांची ही व्यवस्था इतकी चोख होती, की पंढरी गपगुमान रिक्षात बसला आणि थेट मुरबाड गाठलं.

बहीण सुपात भात पाखडत ओट्यावर बसली होती. भावाला बघून तिला कोण आनंद झाला! पण ओटीतलं नाणं परत मागायचं कसं? आणि खरी किंमत सांगावी, तर ती दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्यात पसरणार. पंढरीने खाली मान घातली.

"बारके, ते पाच रुपये मला परत पायजेत गो."

बारकीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. डोळे भरून आले. "दादा! पाच रुपयांसाठी मुरबाडपर्यंत आलास? येवढी वेळ आली तुझ्यावर?"

"तसं नाय गो..."

"लाजू नको! मी काय परकी हाय?"

तिने दहा किलो तांदूळ आणि पिशवीभर वाल रिक्षात चढवले. नाणं मात्र नव्हतं. काल खर्डीला तिच्या नणंदेचं, कविताचं, डोहाळजेवण झालं होतं. अर्थात तिच्या ओटीत गेलं होतं!

पंढरी खर्डीला निघाला. बारकीचा फोन त्याच्या आधी पोचला. तो तिथे गेला, तेव्हा कविताच्या घरचे सगळे दारात उभे होते आणि एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. कविताने अंड्यांची टोपली पुढे केली. मागून तिचे सासरे कमळूआबा आले. अंगठ्याला चिंधी बांधलेली, कपाळावर घाम.

"ये, पंढरी. ओटीतलं परत देत नसतात, पन मानसाची नड मोठी. हे घे."

पंढरीने घाईघाईने मूठ उघडून पाहिलं. नाणं गोल होतं. छान, गुळगुळीत गोल!

"आबा... याचा कान?"

"काढला!" आबा खुशीत म्हणाले. "बारकी बोलली, त्याला बिचाऱ्याला पाच रुपयांची पन नड हाय. मी बोललो, असलं नाणं दिलं तर दुकानवाला घेनार नाय, पोराची आनखी फजिती. म्हनून कानस घेऊन घासत बसलो. अंगठा सोलला, पन गोल केलं बघ! आता कुठंबी चालंल!"

पंढरीला रडूच यायचं बाकी होतं. मिक्सर गेला! पण चिंधी बांधलेला तो अंगठा त्याला दिसला. त्याने वाकून आबांच्या पाया पडून घेतलं.

"पाया नंतर पड. आधी चालतंय का बघू!"

आबांनी त्याला ओढतच नाक्यावरच्या टपरीवर नेलं. पाच रुपयांचा अर्धा चहा मागवला. टपरीवाल्याने नाणं हातात घेतलं, बघितलंही नाही, आणि गल्ल्यात टाकलं.

"चाललं!" आबांनी टाळी वाजवली. "चाललं का नाय?"

"चाललं, आबा," पंढरी म्हणाला.

आणि तो चहा त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पाच हजारांचा चहा कोण टाकून देतो!