एक्केचाळीस शेतांची मोजणी आणि काकूंचे तास

वाचणारांचे सेवेसी कलमबंद करितो की, गव्हाच्या एक्केचाळीस शेतांवर जी मोहीम जाहली तिची ही हकीकत खासा मोहीमदारानेच लिहिली आहे, सबब आत्मस्तुती कोठे कमी पडल्यास वाचणारांनी पदरची भर घालावी. मोहीमदार म्हणजे हाच सेवक: धान्यमापनधुरंधर, तक्तेबहाद्दर, तीन वेळा मुदतवाढ पावलेला, विद्यापीठाच्या गळ्यात पडलेला संशोधक.

मोहिमेचे कारण ऐसे की, जो शेतकरी थोडकी जमीन, थोडके बी, खत, पाणी आणि मनुष्यांचे थोडके तास खर्चून बहुत गहू काढील त्यास पुरा एक गुण, आणि बाकी समस्तांस त्याच्या मानाने शून्य पूर्णांक काहीतरी, ऐसा कायदा ठरला. मग सेवकाने जुनी स्कूटर, चौदा पानी फॉर्म आणि शाई गळणारे पेन इतका सरंजाम घेऊन कूच केले, आणि कुत्र्यांशी चकमकी करीत, चिखलात दोन वेळा शिकस्त खाऊन, एक्केचाळीसही शेते कागदावर आणिली. मग संगणकाने कौल दिला की, नदीकाठचे दादा म्हणून शेतकरी, त्यांचे शेत तेवढे पुरा एक. दादा दिवसास चार तास राबतात, आणि गहू शेजाऱ्याच्या दीडपट! सेवकास जो हर्ष जाहला त्यात त्याने स्वतःचाच दोन वेळा सत्कार केला.

तोंच मार्गदर्शक बाईसाहेबांचे, ज्यांच्या सहीवर सेवकाची पदवी लटकली होती, फर्मान आले की, या शेताचे गमक काय ते जातीने पाहून लिहावे; तेच प्रबंधाचे शेवटले प्रकरण, आणि ते येताच सही. सेवक ऐन पेरणीत दादांचे बांधावर दाखल जाहला.

"गमक कसलं, साहेब?" दादा म्हणाले. "वेळच्या वेळी होतं सगळं. पाणी दिलं जातं, बी निवडलं जातं, पोती शिवली जातात. आपोआप."

तेव्हां सेवकाने मनी आणिले की, हा आपोआप कोणी थोर सरदार दिसतो, त्याची गाठ घेतल्यावाचून जाणे नाही. म्हणून बांधावर ठाण मांडिले. इतक्यात काकू, म्हणजे दादांचे कुटुंब, गमबूट चढवून पंप सुरू करावयास गेल्या, आणि परतून बी चाळावयास बसल्या, आणि मग पेरल्या तुकड्यावरची पाखरे हाकलली, आणि मग दाभण घेऊन फाटकी पोती शिवली. सेवकाचे घड्याळात साडेसहा तास भरले.

मग जुना फॉर्म उघडिला. गेल्या साली काकूंस सवाल केला होता की, शेतात काम करता का? काकू म्हणाल्या होत्या, "छे, मी कुठलं काम करते? मी घरीच असते." त्या समयी त्यांचे हाती चाळण होती, आणि तिची धूळ सेवकाचे नाकात जात होती. सेवकाने सडकून शिंकून शून्य लिहिले. ऐसा हा डोळस पुरुष!

आता साडेसहा लिहावे तर पहिला नंबर गेला, प्रकरण गेले, सही गेली. न लिहावे तर कळते कोणास? हा विचार सेवकाने एक चहा संपेतोवर केला, हे लाजेने नमूद करितो. चहाही काकूंनीच आणून दिला होता.

मग बाईसाहेबांस फोन करून गुन्हा कबूल केला. त्यांचा हुकूम जाहला की, एका घरी चुकलात म्हणजे सगळ्या घरी चुकलात, सबब पुन्हा फिरावे. चौथी मुदतवाढ मंजूर. मग सेवक पुन्हा फिरला, आणि विचारू जाता कोठे सून, कोठे आई, कोठे आत्या, ऐशी फौजच्या फौज बाहेर निघाली, आणि नवा तक्ता बनला, त्यात दादांचे शेत एकोणिसावे. हे वर्तमान सांगावयास सेवक खाली मान घालून गेला.

"अहो, पहिला नंबर होता ना आमचा!" दादा म्हणाले, आणि काकूंकडे वळले. "तुझ्यामुळं गेला बघ."

काकूंनी हात पुसले, तक्ता घेतला आणि बोट फिरवीत ओळ शोधिली. "हे माझं?"

"हो, काकू. साडेसहा तास. तुम्हाला नको असेल तर..."

"खोडू नका," काकू म्हणाल्या. "आणि कापणीच्या महिन्यात नऊ होतात. तेही लिहा."

दादांनी तक्ता आपल्याकडे ओढिला आणि त्याच ओळीवर बोट ठेविले.

"दहा," ते म्हणाले. "पोती उचलते, ते धरा की."

सेवकाने दहा लिहिले. शेत तेविसाव्या जागी उतरले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.