पंचा टाकून ऐकणारे टिपणीसकाका

आमच्या वरच्या मजल्यावरचे टिपणीसकाका टीव्ही लावतात आणि लगेच त्याच्यावर पंचा टाकतात. पांढरा, धुतलेला, घडीचा पंचा. पडदा पुरता झाकला गेला की समोरच्या खुर्चीत बसतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आल्या पावली परत फिरणार होते. घरात काहीतरी झालंय असं वाटलं मला.

"बसा, बसा," काका डोळे न उघडता म्हणाले. "चित्र काय, कुणीही दाखवतं. चित्र दिसलं की माणूस ऐकायचा थांबतो."

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होते. आयुष्यभर प्रेशर आणि टेम्परेचर दाखवणाऱ्या काट्यांवर संशय घेण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात. काकांनी मुक्या डीव्हीडींना बोलतं करायचा छंद घेतला. आपल्याकडे मध्यंतरी प्रत्येक घरात एक तरी हौशी भाचा होता. तो कॉम्प्युटरवर बारशाची, मुंजीची, साठीशांतीची डीव्हीडी करून द्यायचा. ती त्याच्या कॉम्प्युटरवर फक्कड चालायची आणि आपल्या टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की चित्र यायचं, आवाज बेपत्ता. भाचा म्हणायचा प्लेअर भंगार आहे, प्लेअरवाला म्हणायचा डिस्क भंगार आहे, आणि डिस्क कपाटात साड्यांखाली जाऊन बसायची. त्या सगळ्या डिस्का आता साड्यांखालून निघून आमच्या कात्रपमध्ये काकांकडे येतात.

माझ्या मंगळागौरीची अशीच निघाली. माझ्या सगळ्या मावश्या चिडीचूप फुगड्या घालताना पाहून मुलं हसून लोळली. मी डिस्क घेऊन वर गेले तर काकांनी डॉक्टरसारखे प्रश्न सुरू केले.

"घरची की बाजारची?"

"घरची."

"चित्र येतं? अडकत नाही? मग पोट ठीक आहे. घसा धरलाय."

काकांच्या हॉलमध्ये डीव्हीडी प्लेअरची रांग आहे. सगळे जुने, लोकांनी टाकून दिलेले. कंपनीच्या नावाने काका त्यांना ओळखत नाहीत, स्वभावाने ओळखतात. एक आहे सोवळा. त्याला नियमात बसणारा आवाज लागतो, जरा इकडचं तिकडे झालं की तोंड मिटून बसतो. एक खादाड, काहीही घाला, गिळतो. एक रुसका, तो चालतो पण आवाज चित्राच्या मागून आणतो, म्हणजे नवरा मुलगा उखाणा घेऊन लाडू खायला लागला की मग उखाणा ऐकू येतो. काका दुरुस्त केलेली प्रत्येक डिस्क या सर्वांना भरवतात. "सोवळ्याने खाल्लं ना, मग जगात कुठेही चालेल," असं म्हणून ती पास करतात.

माझ्या डिस्कचं निदान त्यांनी चहा गार व्हायच्या आत केलं. गाण्याच्या सीडीतल्या आवाजाचं माप वेगळं आणि डीव्हीडीतल्या आवाजाचं वेगळं, हे माझ्या भाच्याच्या गावीही नव्हतं. "अठ्ठेचाळीस मापाच्या बुटात चव्वेचाळीसचा पाय घातलाय तुमच्या पोराने," काका म्हणाले. "खादाड चालवून घेतो. बाकीचे का म्हणून घेतील?" चित्राला धक्का न लावता त्यांनी फक्त आवाज सोडवून घेतला, योग्य मापात बसवला आणि परत चिकटवला. दोन दिवसांनी मावश्या बोलायला लागल्या. त्या काय बोलत होत्या ते ऐकल्यावर माझ्या सासूबाईंना वाटलं, आधीचंच बरं होतं.

आता डीव्हीडी कोण बघतं, हे काकांना कुणी सांगितलं नाही असं नाही. कोऱ्या डिस्का आणायला ते शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जातात. तिथला दुकानदार त्यांना दरवेळी समजावतो, "साईं, ये सब फेंको, पेन ड्राइव लो." काका शांतपणे विचारतात, "आणि ज्यांच्या टीव्हीखाली अजून हा डबाच आहे, त्यांना काय फेंको बोलू?" दुकानदार आतून डिस्का काढून देतो. माझ्या मते तो आता त्या फक्त काकांसाठीच मागवतो.

हे सगळं आम्ही गमतीने बघायचो. मग संगीताचं प्रकरण आलं.

संगीता माझ्या शाळेत बालवाडीला शिकवते. सासर खरवईचं, जुनं आगरी घर. तिच्या सासूबाई, हिराबाई, धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले म्हणावे लागतात. देवांना बोलवायचं, पूर्वजांना बोलवायचं, मग मांडवातल्या नात्यागोत्याची नावं गुंफायची. हे कुठेही लिहिलेलं नसतं. सासूच्या मागे बसून सुनेने उचलायचं. संगीता डी.एड., नोकरी, दोन मुलं यात अडकली आणि बसायचं राहून गेलं. हिराबाई आहेतच, घाई काय, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यानंतर हिराबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज फुसफुसण्यापुरता उरला.

आणि आता दिराच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पंचक्रोशीत जिने मांडव उभे केले तिच्या स्वतःच्या घरात बाहेरची धवलारीण आणायची, या विचाराने हिराबाईंनी जेवण सोडल्यात जमा होतं. आशा एकच होती. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी घरात होती, त्यात हिराबाई सगळं म्हणत होत्या. त्यावरून संगीता शिकणार होती. डिस्क लावली. चित्र आलं, हिराबाईंचे ओठ हलले, आणि आवाजाचं नाव नाही.

मी संगीताला काकांकडे नेलं. पंचा पडला, रांग भरवली गेली, निदान झालं. तेच मापाचं दुखणं. काकांनी आवाज काढला, बसवला, सोवळ्यानेसुद्धा खाल्ला. रविवारी आम्ही तिघे खरवईला गेलो.

त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. त्याला पंचा पुरेना म्हणून काकांनी चादर मागितली. सगळं घर जमलं होतं. "पिच्चर बघाला बोलावला आन् चादर कनाला टाकली?" कुणीतरी विचारलं. काकांनी बोट ओठावर ठेवलं आणि प्लेअर सुरू केला.

आवाज आला. खणखणीत आला. चादरीमागून हिंदी सिनेमातलं लग्नाचं गाणं वाजायला लागलं. पुढे दुसरं, मग तिसरं. मुलं नाचायला लागली. काका समाधानाने मान डोलवत होते. हिराबाई जवळ आल्या आणि फुसफुसल्या, "यो माझा नाय."

"आवाज आला ना पण?" काका म्हणाले.

"आवाज आला. माझा नाय आला."

झालं होतं असं की त्या काळी लग्नाच्या डीव्हीडीवर सिनेमाची गाणी घातली नाहीत तर पाहुणे नावं ठेवायचे. त्यामुळे धवले म्हणणाऱ्या हिराबाईंवर ढोलकी आणि कोरस चढवून दिले होते. काकांनी चादर काढली, तिची नीट घडी घातली आणि चपला घातल्या. परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "मी आवाज तपासला. कुणाचा आहे ते विचारलं नाही."

पुढचे काही दिवस वरून कसलाच आवाज आला नाही. इतका की मी डबा द्यायच्या निमित्ताने डोकावले. काका कॉम्प्युटरसमोर दाढी न करता बसले होते. काकूंच्या फोटोला हारही जुनाच होता, आणि या बाबतीत काका कधी चुकत नाहीत.

"ही डिस्क जड आहे," ते म्हणाले.

मी हातात घेऊन पाहिली. इतर डिस्कएवढीच होती.

"तसं नाही. एवढ्या चित्राला आणि एवढ्या गाण्यांना जेवढी जागा लागावी त्याहून जास्त भरलीय. कुणीतरी आत बसलंय."

आत खरंच कुणीतरी बसलं होतं. डीव्हीडीवर एका चित्राला दोन आवाज लावता येतात, एक हिंदी, एक इंग्रजी, तसे. प्लेअर आपण होऊन पहिला वाजवतो. दुसरा हवा तर रिमोटवर ऑडिओचं बटण दाबावं लागतं, आणि आपल्याकडे चॅनल आणि आवाज सोडून रिमोटचं तिसरं बटण कोण दाबतं? काकांनी फक्त पहिला आवाज सोडवला होता. दुसरा तिथेच, मागच्या खोलीत बसल्यासारखा, इतकी वर्षं थांबला होता.

डिस्क करणारा केतन म्हणजे संगीताचा मावसदीर. आता कॅम्प तीनमध्ये मोबाइलची कव्हरं विकतो. मी मुद्दाम त्याला विचारलं, तर तो ओशाळला. "काय करू मॅडम, सगले बोलले गानी टाक. टाकली. पन मावशीचा आवाज डिलीट मारायला हात उचलेना. मग मागं ठेवला. कुनाला बोललो नाय, बोलले असते जागा कनाला खाल्ली."

दुसऱ्या खेपेला खरवईत कुणी चादरीबद्दल विचारलं नाही. काकांनी नव्या डिस्कवर मागचा आवाज पुढे आणला होता आणि सिनेमाच्या गाण्यांना रजा दिली होती. चादरीमागून आधी भांड्यांचा आवाज आला, एक मूल रडलं, आणि मग हिराबाईंचा आवाज उठला. जाड, थोडा घासलेला, लांब पल्ल्याचा. ज्या बाईचा आवाज गेला होता ती बाई खाली बसून तो ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. संगीता रडली, मीही रडले. काका उभेच राहिले आणि आवाज जरासा कमी केला, कारण त्यांच्या मते टीव्हीचा स्पीकर फाटत होता.

यानंतर काका रोज खरवईला जायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. काम काय, तर संगीता शाळेतून आली की तिच्या शेजारी बसून रिमोट चालवायचा. "मागे घ्या काका," ती म्हणायची. काका मागे घ्यायचे. हिराबाई मांडीवर ताल धरायच्या, चुकलं की काकांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या, म्हणजे थांबवा. मी एकदा म्हटलं, काका, रिमोट त्यांची मुलंही चालवतील. काका म्हणाले, "चालवतील. पण त्यांना नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही." मला त्या दिवशी कळलं की या माणसाला दुपारचं कुणीतरी लागत होतं. काकू गेल्यापासून वरच्या घरात बोलणारे फक्त ते प्लेअर होते, आणि तेही लोकांचीच लग्नं बोलायचे. मुलगा परदेशात, रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. एवढ्या लोकांचे आवाज घरात वाजवणारा माणूस स्वतः दिवसदिवस बोलत नव्हता आणि आम्ही खाली बसून त्याच्या पंच्याला हसत होतो.

हळदीच्या दिवशी मांडवात डीजे गप्प करण्यात आला. संगीता पिवळी साडी नेसून पाटासमोर बसली, शेजारी हिराबाई. तिने आवाज लावला तेव्हा पहिल्या दोन ओळी थरथरल्या. नंतर ती सावरली. गोडवा सासूचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, बालवाडीतल्या पोरांना गोष्ट सांगते तसा. देव आले, पूर्वज आले. मग नावं सुरू झाली. आजोबा, काका, आत्या. ज्याचं नाव येई त्याच्याकडे सगळे वळून बघत आणि तो माणूस उगाच लाजत असे. आम्ही दुसऱ्या रांगेत खुर्च्यांवर होतो. काका डोळे मिटून ऐकत होते.

मामांची नावं चालू असताना हिराबाईंनी संगीताच्या कानाशी तोंड नेलं. संगीता थांबली. मांडवही थांबला. तिने वळून आमच्याकडे पाहिलं.

"काका, तुमचा नाव काय?"

काकांनी डोळे उघडले. "टिपणीस," ते म्हणाले.

"आडनाव नको. नाव सांगा. आई म्हन्ते, मामांच्यान घ्याचा हाय."

इमारतीत ते टिपणीसकाका, बँकेत टिपणीससाहेब, फोनवर बाबा. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस जगात उरलेलं नव्हतं. मलाही ते नाव माहीत नव्हतं, आणि एका छताखाली आम्हाला कितीतरी वर्षं झाली होती. काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"दिगंबर," ते म्हणाले.

संगीताने ते नाव घेतलं, धवल्याच्या चालीत बसवलं, शेवटचं अक्षर लांबवलं, आणि मागच्या बायकांनी ते एका सुरात उचललं. टिपणीसकाका खुर्चीवरून उठून उभे राहिले, वर्गात हजेरी घेताना नाव आलं की मुलगा उभा राहतो तसे, आणि हात जोडून नाव पुरतं म्हणून होईपर्यंत उभेच राहिले.