हॅलोजन आणि अरुंधती

पाऊस नाही, ऊन नाही, आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रोज संध्याकाळी एक माणूस मागच्या अंगणात छत्री उघडून उभा! तळमजल्यावरचे करंदीकर काका. छत्री आडवी, हॅलोजनचा झोत अडवायला. मान वर, तारे बघायला. आता आमच्याकडे आकाश म्हणजे दोन बिल्डिंगांमधली फट. त्यात दिसून दिसून दिसणार काय, कपाळ?

त्यात दुसऱ्याची चूक काकांच्या पोटात मावत नाही. वॉचमन सहज म्हणाला, "काय तारा चमकतोय!" की हे ओरडलेच, "तारा नव्हे, ग्रह! शुक्र!" संकष्टीला बायका ताटकळलेल्या असतात, तर म्हणतात, "चंद्र कधीच उगवलाय. टॉवरच्या मागे आहे. जेवा मुकाट्याने." एका लग्नात भटजींनी भर दुपारी हॉलच्या छताकडे बोट करून नवरानवरीला अरुंधती दाखवली. काका पंगतीतून उठले. "गुरुजी, तो पंखा आहे!"

मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे यांचे अर्ज माझ्याच डोक्यावर. 'हॅलोजन दहा मिनिटे बंद ठेवावा. कारण : खगोलनिरीक्षण.' दर आठवड्याला एक, वर्षभर! खालून दोन बाईक चोरीला गेलेल्या, तेव्हा कुठे मी भांडून तो दिवा बसवलेला. "काका, तारे कोणी चोरत नाही," असं सांगून मी त्यांना वाटेला लावायचे.

परवा मात्र ते अर्ज न घेताच आले. बसले. म्हणाले, "सेक्रेटरीबाई, आमच्याही लग्नात पंखाच दाखवलेला. दोघांनी 'दिसली' म्हणून ठोकून दिलं. तेव्हा हिला शब्द दिलेला, खरी अरुंधती दाखवीन म्हणून. राहूनच गेलं बघा. आता हिची नजर जात चाललीय. डॉक्टरांनी हात टेकलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, मग अर्जात तसं लिहायला काय झालेलं या माणसाला?

त्याच दिवशी आठ वाजता मी स्वतः जाऊन बटण बंद केलं. काकूंना खुर्चीत बसवून काकांनी उत्तरेला बोट वर नेलं. "सप्तर्षींच्या शेपटीतला मधला, तो वसिष्ठ. त्याला चिकटून बारीकशी, ती अरुंधती."

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग लहान मुलीसारख्या हसल्या. "दिसली हो!"

त्या बघत होत्या टॉवरवरच्या लाल दिव्याकडे. मला वाटलं, आता हे ओरडणार.

काकांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. वर केलेलं बोट हळूच खाली घेतलं.

"हो," म्हणाले, "तीच."