लाल काठाच्या टाईल्स

"एवढ्याशा काठासाठी मिस्त्री काहून पाहिजे? आमचे हात काय गहाण ठेवलेत?" शिरड शहापूरच्या उत्तमरावांनी बाह्या सावरल्या आणि त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, कपाळावर हातच मारला!

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला पांढऱ्याशुभ्र टाईल्स लावून मिस्त्री दुसऱ्या कामावर पळाला होता. टाईल्स संपतात तिथले काठ तसेच उघडेबोडके. आणि आज वसमतहून धाकटी बहीण पंचफुला यायची होती. तिच्या नव्या स्वयंपाकघराचं कौतुक ऐकून सुमनबाईंचे कान किटले होते. निदान आज तरी तिनं आपल्या भिंतीला नाव ठेवू नये, एवढीच त्यांची इच्छा!

"पांढरं सिमेंट कालवायचं, काठाला भरायचं, बोट फिरवायचं. झालं!" उत्तमरावांनी अंगणातलं घमेलं उचललं. कालपर्यंत ते त्यातून हळद वाहत होते. टॉवेलनं पुसल्यासारखं केलं आणि बसले कामाला.

वरचा काठ भरून होतो न होतो, सिमेंट गुलाबी! "ओलं हाय म्हणून दिसत असंल," ते पुटपुटले. बाजूचा काठ भरेपर्यंत चक्क लाल! घाईघाईनं फडक्यानं पुसायला गेले, तर फडकंही हळदीच्या पोत्यावरचं. काठ आणखीच खुलला आणि हात मनगटापर्यंत रंगले.

नेमकी तेव्हाच पंचफुला दारात उभी राहिली.

"अगं अक्का, पळ! दाजींनी हात कापून घेतला!"

"न्हाई वं, हे तर..."

पण ऐकतंय कोण! सुमनबाई परसातून धावत आल्या आणि हळदीचा अख्खा डबा नवऱ्याच्या हातांवर उपडा केला. हात पिवळे झाले, आणि बघता बघता परत लाल!

"रक्त थांबूनच न्हाई राहिलं!" पंचफुला किंचाळली. शेजारचे वैजनाथ दवाखान्यात न्यायला मोटारसायकल चालू करूनच आले.

"अरे, रक्त न्हाई! सिमेंट हाय, सिमेंट!"

वैजनाथांनी हातांवर बादलीभर पाणी ओतलं. साधा ओरखडाही नव्हता! मग सगळे भिंतीकडे बघायला लागले. सुमनबाईंनी डोळेच मिटून घेतले. आता ही वसमतभर सांगत सुटणार!

"अक्का," पंचफुला म्हणाली, "पांढऱ्या साडीला लाल काठ असावा, तसं दिसून राहिलं गं! माझ्याकडं असलं काहीच न्हाई. कुठून आणला हा रंग?"

सुमनबाईंनी डोळे उघडले. त्यांना हसू आवरेना! बहिणीच्या तोंडून हे ऐकायला त्या किती वर्षं आसुसल्या होत्या.

"आणतो कुठला?" उत्तमरावांची छाती फुगली. "डोकं लावलं! खास डिझाईन हाय."

"मग उद्याच वसमतला या, दाजी. माझ्या टाईल्सलाबी बराबर असाच काठ पाहिजे!"

उत्तमरावांचा चेहरा पडला. रंग आला कुठून, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!

चहाचा कप हातात देताना सुमनबाई त्यांच्या कानाशी लागल्या. "हळदीत चुना पडला की कुंकू होतं. सिमेंटात चुनाच असतो की, अहो! उद्या जाताना ते घमेलं संगं न्या. अन् मेहेरबानी करा, धुऊ नका!"