युवराजांचा जबडा आणि टोकोबा सुतार

एका जंगलात, बाळांनो, राजा व्हायला फक्त एक चावा लागत असे.

तळ्याकाठी सागाचं जुनं झाड होतं. म्हातारा सिंह गेला की त्याच्या वारसाने भर दरबारात त्या सागाला कडकडून चावायचं. वरच्या दातांची रांग, खालच्या दातांची रांग, असा गोल ठसा उमटला की राज्य त्याचं. नाही उमटला तर राज्य चुलत्याचं. रीत सोपी होती. शिकलेली माणसं नव्हती ना तिथे.

युवराज रणकेसरांचा खालचा जबडा मात्र पुढे आलेला. इतका, की पाऊस लागला तर त्यात पाणी साठे. केळीच्या खुंटावर ते रोज सराव करत. खालच्या सुळ्यांचे ओरखडे उठत. वरचे दात हवेतच राहत.

म्हातारा सिंह गेला, राज्याभिषेक जवळ आला, तेव्हा आधी काकवैद्यांना बोलावलं. त्यांनी तोंड पाहिलं आणि म्हणाले, जबडा पुढे आहे. निदान अगदी अचूक. त्यानंतर काकवैद्य कुणाला दिसले नाहीत, आणि युवराजांना त्या दुपारी भूक नव्हती.

मग बोलावणं आलं टोकोबा सुतारपक्ष्याला. टोकोबा लाकूड कोरायचा, तशीच हाडंही बसवायचा. हरणाचा मोडलेला पाय म्हणा, माकडाचा निखळलेला खांदा म्हणा. हात, म्हणजे चोच, मोठी सफाईची. घरी सावरीच्या ढोलीत बायको आणि चोची वासून बसलेली पिल्लं.

गिऱ्हाईक राजासारखं असतं, हे खरं. पण राजाच गिऱ्हाईक होऊन आला, तर दुकानदाराने मागचं दार उघडं ठेवावं. टोकोबाला मागचं दार नव्हतं. ढोलीला भोक एकच.

त्याने युवराजांना समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. तळ्यातल्या चिकणमातीचा गोळा चावायला दिला आणि तो ठसा उन्हात वाळवून पुन्हा पुन्हा फिरवून बघितला. निघालं तेच, जे काकवैद्यांनी सांगितलं होतं. उपायही त्याला ठाऊक होता. खालच्या जबड्याचं हाड मागे दोन्हीकडून कापायचं, जबडा आत सरकवायचा, वरच्या जबड्याशी वेलीने घट्ट बांधायचा, आणि हाड जुळेपर्यंत रोग्याला पेजेवर ठेवायचं.

पण सिंहाला पेज प्या, असं सांगणार कोण?

उद्या सांगतो म्हणून तो घरी आला. बायकोने, बायजाबाईने, त्याचा चेहरा ओळखला.

"अहो, फळी चौकटीत बसेना तर तुम्ही काय करता?"

"फळी तासतो."

"आणि फळीच तुम्हाला खाणारी असली तर?"

टोकोबाने ढोलीच्या एकुलत्या भोकातून बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "चौकट तासतो."

दुसऱ्या दिवशी दरबारात त्याने मान लववली. "युवराज, आपला जबडा जागच्या जागी आहे. बाकीच्यांचेच मागे गेलेत."

युवराजांनी प्रधान कोल्ह्याकडे पाहिलं.

"मला लहानपणापासून शंका होतीच," कोल्हा म्हणाला.

लगेच हुकूम सुटला. राज्याभिषेकाच्या आत सगळ्या प्रजेचे जबडे पुढे घ्यायचे. कोल्ह्याने हट्टाने पहिला नंबर लावला. त्याच्यामागे चुलते भीमकेसर उभे. उद्या गादी आपल्यालाच मिळणार, तेव्हा जबडा कसा राजाला शोभेलसा हवा, असा त्यांचा हिशेब. मग रानडुकरं, माकडं, हरणं. दात जुळले नाहीत तर गवत कुरतडायचं कसं, असं सशाने भीत भीत विचारलं. टोकोबा म्हणाला, सवय होईल. जोडे विकणाराही हेच सांगतो, बाळांनो, आणि सवय होईपर्यंत जोडे परत घ्यायची मुदत टळून जाते.

जंगलभर पेज रटरटू लागली. तोंडं वेलींनी बांधलेली. इतकी शांतता जंगलाने कधी ऐकली नव्हती.

राज्याभिषेकाच्या आदल्या दुपारी सगळे पेज पिऊन पेंगत होते. तेव्हा टोकोबाने सागावर नीट ठसा कोरला आणि वर शेवाळाचं लिंपण केलं.

दुसऱ्या दिवशी युवराजांनी सागाला तोंड लावलं, गुरगुरले, मागे सरले. शेवाळ गळून पडलं. काय ठसा होता! वरची रांग, खालची रांग, आणि युवराजांना मुळात नसलेली एक दाढसुद्धा.

ती दाढ चुलत्यांनी बरोबर हेरली. त्यांचे डोळे विस्फारले. "हूं! हूं! हूं!" ते म्हणाले.

आता बोलता येत होतं ते राजाला आणि टोकोबाला. "चुलतेसाहेबांनी पाठिंबा दिला आहे," टोकोबाने अर्थ सांगितला. हरणं हूं म्हणाली, माकडं हूं म्हणाली. एवढा एकमुखी जयजयकार त्या जंगलात पूर्वी झाला नव्हता.

घरी बायजाबाई वाट बघत होती. पिल्लं सगळी शाबूत होती. ती म्हणाली, "ठसा कोरताच येत होता, तर एवढ्यांचे जबडे कशाला कापलेत?"

"नुसता कोरला असता तर कुणीतरी बोललं असतं."

"आणि वेली सुटल्यावर बोलतील ते?"

टोकोबाने चोच फांदीला घासून स्वच्छ केली.

"सोडवून घ्यायला माझ्याकडेच येतील ना."

तात्पर्य : निदान रोग्याचं करावं. शस्त्रक्रिया मात्र जो उलटून चावणार नाही, त्याच्यावर करावी.