लोखंडाची झोप

जिंतुरात दिगंबरमास्तरांच्या घरी गेलं, की पाण्याचा तांब्या मागाहून यायचा. आधी प्रश्न यायचा, "घरात काय मोडलंय?"

माणसं बिचारी मोडका विळा, उलथनं, कुलपाची किल्ली घेऊन जायची. मास्तर तुकडा उजेडात धरायचे, मोडलेल्या जागेवर बोट फिरवायचे आणि पुटपुटायचे, "अरेरे, लय सोसलं की हिनं!" शेजारच्या काशीकाकू एकदा वैतागल्या. "मास्तर, जोडून देता का न्हाई?"

"जोडायला लोहार हाय की. मी ते गेलं कशानं, तेवढं बघतो."

"मढ्याचा डॉक्टर!" म्हणत काकू उठल्या. गावानं तेच नाव उचललं.

मास्तर सरकारी शाळेत शास्त्र शिकवायचे. तेही निजामाच्या हुकमाप्रमाणे उर्दूत. मुलांना आईच्या भाषेत प्राणवायू म्हणायची चोरी! या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकत असे आणि बोलतही असे. निजामाविरुद्धची पत्रकं धोतराच्या घोळात लपवून वाटणं हाच माझा आणि मास्तरांच्या वसंताचा उद्योग होता. वसंताची आई तो लहान असतानाच गेलेली. घरात बापलेक दोघंच. मास्तरांच्या हाती पत्रक दिलं, तर ते त्याची टाचणी काढून वाकवून बघायचे. मजकूर तसाच राहायचा.

एकदा त्यांनी मला पितळी खुर्दबिनीपाशी, म्हणजे सूक्ष्मदर्शकापाशी, बसवलं. खाली तांब्याची घासून लखलखीत केलेली पट्टी होती. "बघ," म्हणाले. मला आरशासारखा सपाट पृष्ठभाग दिसला. मग त्यांनी पट्टी जराशी वाकवली आणि पुन्हा ठेवली.

मी दचकलो. त्या सपाट तांब्यात दाणे उठले होते, कणसातल्या ज्वारीसारखे एकमेकांना चिकटलेले, आणि प्रत्येक दाण्यावर बारीक सरळ रेघा. जणू आत कुणी नांगर धरला होता. एवढ्याशा बाकानं तांब्याच्या पोटात एवढी उलथापालथ! मी सभांमधून आकाशपाताळ एक केलेलं. पण त्या बोटभर पट्टीवरून मला डोळा काढवेना.

"आतले थर सरकायलेत," मास्तर कुजबुजले. "पण सगळा थर एकदम न्हाई सरकत. ऊठ!" मी बसलो होतो त्या सतरंजीला त्यांनी एका टोकाला सुरकुती पाडली आणि ती हातानं ढकलत दुसऱ्या टोकाला नेली. सतरंजी बोटभर पुढे आली. "अशा सुरकुत्या असतात आत. डोळ्यांनी कुणी बघितल्या न्हाईत. विलायतेतल्या लोकांनी नुसत्या डोक्यानं ताडल्यात! वाकवत गेलं की सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात. मग ते ताठ होतं. लोकांना वाटतं, मजबूत झालं. खरं तर त्याच्यात आता सरकायला जागाच न्हाई. आणखी वाकवलं की चीर."

"मग उपाय?"

"तांबट करतो तोच. तापवायचं, अन् राखेत निजवायचं. ताठलेले दाणे जाऊन नवे दाणे धरतात." निजवायचं म्हणताना त्यांचा आवाज पाळण्यापाशी बोलल्यासारखा झाला.

पुढे वसंता पत्रकांसह पकडला गेला. परभणीच्या तुरुंगातून निरोप आला, माफीनामा लिहून दिला तर सुटका. बापानं येऊन समजूत घालावी. मास्तर निघाले, तेव्हा मी हादरलो. हा मोडक्या किल्ल्यांवर हळहळणारा माणूस, पोराला सही करायला लावणार! मोटारीत मी त्यांना सारखं पढवत होतो, "मास्तर, त्याला सांगा, लोखंडासारखा ताठ राहा!"

"कोणतं लोखंड? बिडाचं?"

"बीडचं कशाला? आपल्या परभणीचंच!"

मास्तर मोठ्यानं हसले. "गाव न्हाई रे, बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते कधी वाकत न्हाई. एकदम फुटतं."

तुरुंगातल्या अमीनानं, म्हणजे निजामाच्या फौजदारानं, आम्हाला गजांपाशी नेलं. "मास्टरसाब, समझाओ बच्चे को. दस्तखत किया तो शाम को घर में."

वसंता आला. गालफडं बसलेली, जबडा आवळलेला, मान ताठ. वडिलांना बघताच म्हणाला, "अण्णा, मी सही करणार न्हाई."

"सहीचं कोण म्हणायलंय?" मास्तरांनी काखेतली वाकळ गजांतून आत सरकवली. त्याच्या आईनं शिवलेली. ती ते स्वतः पांघरायचे. "झोप लागती का रे?"

वसंताचा जबडा हलला. त्यानं मान नकारार्थी हलवली आणि कपाळ गजांना टेकवलं. मास्तर आत हात घालून त्याच्या डोक्यावर थोपटत राहिले, शिपाई ओरडेपर्यंत. निघताना मी मागे पाहिलं तेव्हा वसंता वाकळ छातीशी धरून उभा होता. मान सैल, डोळे ओले, आणि चेहरा कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा.

"समझाया?" अमीनानं विचारलं.

"जी."

"दस्तखत करेगा?"

"नक्को. सोएगा."

वसंतानं शेवटपर्यंत सही केली नाही.

परतीच्या मोटारीत मला मास्तरांना खूप काही सांगायचं होतं. वळून पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला तेव्हा कुठे दिसली. वसंताला धरून नेल्यापासून त्या घरात कोण झोपलं असेल? एका खड्ड्यात मोटार आदळली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

जिंतूर येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.