बुडाला लागणारं भांडं

जयतीर्थरावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की यंदाच्या अविधवा नवमीचा भात आपण स्वतः करायचा. माणसानं एवढंसं काही ठरवायला हरकत नसावी. पण तहसील कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसानं स्वयंपाकघरातलं काही ठरवलं, की त्याची फाईल व्हायला वेळ लागत नाही.

अविधवा नवमी म्हणजे पितृपक्षातली नवमी. जी बाई नवऱ्याच्या आधी गेली तिच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवायचं, तिची ओटी भरायची आणि गेलेल्या बाईला जे आवडत होतं ते तिला जेवू घालायचं. सवाष्ण पोटभर जेवली म्हणजे आपलं माणूस जेवलं. अनसूयाबाईंना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि वर्षश्राद्धानंतरची ही त्यांची पहिली नवमी. सवाष्ण म्हणून धारवाडहून त्यांची धाकटी बहीण लीला येणार होती. पुरण, आमटी, कोशिंबीर हे सगळं त्यांच्या उणकलच्या कॉलनीतल्या शेजारीण वेणूबाई करून देणार होत्या.

"आणि भात?" वेणूबाईंनी विचारलं.

"भात मी करणार," जयतीर्थराव म्हणाले. "तिला खरवड आवडायची. ती तुमच्या भाताला येत नाही."

(वेणूबाईंनी हे कौतुक म्हणून घ्यावं की टोमणा म्हणून, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.)

खरवड म्हणजे भाताच्या बुडाला लागलेला तो तांबूस, करपट थर. अनसूयाबाई लग्न झाल्यापासून तेवढाच खात आल्या होत्या. रोज जेवायला बसलं की जयतीर्थराव वरचा भात आपल्या ताटात घेत आणि खरवडीला हात लावत नसत. "राहू दे, ती तुझी," असं म्हणून पातेलं तिच्याकडे सरकवत. लग्नाचा वाढदिवस ते विसरत, तिचा चष्मा बदलायचा विसरत, एकदा तर तिलाच कित्तूरच्या बसस्टँडवर विसरून आले होते. पण खरवड कधी विसरले नाहीत. संसारात आपण काय केलं, असं मनाशी कधी आलंच, तर हे एक त्यांना ठामपणे सांगता येत असे.

ती गेल्यावर त्यांनी तिच्या पितळी पातेल्यात भात करून पाहिला होता. वरचा कच्चा आणि खालचा कोळसा झाला, आणि वेणूबाई बादली घेऊन धावत आल्या. तेव्हापासून गॅसची त्यांना धास्तीच बसली. ते खानावळीत जेवू लागले. तिथला भात मऊ असे, चांगला असे, पण पातेलं सरकवायला समोर कुणी नसे.

तेव्हा विजेचा कुकर घ्यायचा, असं ठरलं. जयतीर्थराव दुर्गदबैलच्या बाजारात गेले. हातगाड्यांतून वाट काढत प्रभंजनच्या भांड्यांच्या दुकानात शिरले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "भाताचा कुकर दाखवा. आतल्या भांड्यासकट."

प्रभंजन हुरळला. त्यानं काळंभोर नॉनस्टिकचं भांडं पुढं ठेवलं. "हे बघा काका. तळ हत्तूदिल्ल री! बुडाला एक शीत लागलं तर माझं नाव बदला."

"मग नको."

"नको?"

"दुसरं दाखवा."

प्रभंजननं पांढरंशुभ्र सिरॅमिकचा थर दिलेलं भांडं काढलं. बोट फिरवून दाखवलं. "यातून तर भात घसरून बाहेर येतो बघा. पाणी मारलं की स्वच्छ."

"अहो, घसरणारा भात घेऊन मी काय करू? लागणारं नाही का काही?"

"लागणारं म्हणजे?"

"बुडाला. चिकटून बसेल असं. खरवडून काढावं लागेल असं."

प्रभंजननं जयतीर्थरावांकडे नीट पाहिलं. मग दुकानाबाहेर पाहिलं, यांच्याबरोबर घरचं कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. त्यानं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं पुढं सरकवलं. "हे थोडं लागतं. पण आच सगळीकडं सारखी बसते, त्यामुळं नुसतं पिवळट होतं."

"आणि ते स्टीलचं?"

प्रभंजननं आवाज खाली आणला. "काका, तुम्ही वडीलधारे, खोटं कशाला बोलू? ते पातळ आहे. बुडाला फार लागतं. लोक घेऊन जातात आणि शिव्या देत परत आणतात."

जयतीर्थरावांचा चेहरा उजळला. "परत आणतात? नक्की?"

"देवाशपथ."

"मग तेच द्या. आणि लागतं याची गॅरंटी लिहून द्या."

असला ग्राहक प्रभंजनच्या वाडवडिलांनीही पाहिला नव्हता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, राग मानू नका. एकदा काकूंना घेऊन या. त्यांनाच पसंत करू दे."

"तिच्यासाठीच तर घेतोय. तिला आवडते खरवड."

"मग आणा की त्यांना! केव्हा येतील?"

जयतीर्थरावांनी भांडं जवळ ओढलं. स्टीलच्या भांड्यात त्यांचं स्वतःचंच वेडंवाकडं तोंड दिसत होतं, तिकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "नवमीला येईल."

प्रभंजन काय ते समजला. भांडं आतून पुसून, कुकर खोक्यात घालून, सुतळीनं बांधून त्यानं तो स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिला.

घरी आल्यावर कळलं, की भांडं गुणी निघालं तरी कुकर हट्टी आहे. पाणी आटलं, भाताला जरा कुठं रंग चढतोय म्हणावं, की पुढचा खटका टक् करून वर. जयतीर्थराव तो खाली दाबत. पुन्हा टक्. ते दाबत, तो उडे. (वरिष्ठांनी फाईल फेटाळावी आणि हेडक्लार्कनं ती पुन्हा टेबलावर ठेवावी, असा हा प्रकार नोकरीत त्यांनी पुष्कळ केला होता. पण तिथं साहेब कधीतरी कंटाळत. कुकर कंटाळेना.) शेवटी त्यांनी पानाच्या डब्यातलं सुपारीचं खांड काढलं आणि खटक्याच्या फटीत ठोकून बसवलं. कुकरनं हार मानली. थोड्या वेळानं घरात करपट, खमंग वास पसरला. अगदी तिच्या स्वयंपाकघराचा. जयतीर्थराव ओट्याला टेकून उभे राहिले आणि पंच्यानं डोळे पुसत राहिले. धूरही होता, नाही असं नाही.

नवमीला लीला आली. लीला म्हणजे बहिणीची सहीसही नक्कल. तोच कपाळावरचा आडवा कुंकवाचा ठसा, तोच पदर खोचायचा झटका. ती पाटावर बसली आणि जयतीर्थरावांनी तिच्यापुढचं पान उगाच पुन्हा सरळ केलं. केळीच्या पानावर वेणूबाईंची पुरणपोळी, आमटी, कोशिंबीर सगळं वाढून झालं, वेणूबाई नैवेद्याची राहिलेली खीर शिजवून आणायला घरी गेल्या, आणि जयतीर्थराव सोवळं सावरत कुकरचं भांडं घेऊन आले.

खरवड कशी म्हणता! उलथन्यानं निघेना, तेव्हा त्यांनी वरचा भात परातीत काढला आणि पाटाच्या कोपऱ्यावर भांडं आपटून ती काढली. घरावरच्या कौलाएवढा तुकडा पानात पडला आणि आमटीची वाटी हलली.

"भावजी, हे काय हो?"

"जेव. सावकाश जेव. तुझ्या अक्काचं आहे."

लीलानं तुकडा मोडायचा प्रयत्न केला. मोडेना. तिनं तो सरळ दाताखाली धरला. कडाक् आवाज झाला. (खरवडीचा की दाताचा, हे पाहायला जयतीर्थराव पुढं वाकले.) लीला चावत राहिली. चावता चावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमली ना?" जयतीर्थराव अधीर होऊन म्हणाले. "अगदी तिच्यासारखी?"

"जमली की." लीलानं मोठ्या कष्टानं घास गिळला. "भावजी, सवाष्ण म्हणून बसलेय, पानातलं टाकणार नाही मी. सगळं खाईन. पण आज तिच्या नावानं जेवतेय, तर खोटं बोलवत नाही हो. अक्काला खरवड आवडत नव्हती."

"छे! रोज खायची ती!"

"रोज खायची. आवडत नव्हती."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"तुमची पहिली संक्रांत आठवते? आमच्या घरची? पंगत उठली आणि शेवटी अक्कासाठी भात उरलाच नाही. खालचं लागलेलं ती खरवडून खात होती. तुम्ही आत आलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, 'अरे वा, हिला खरवड आवडते वाटतं!' नवी नवरी. नाही कसं म्हणेल? झालं! त्यानंतर तुमच्या आई तिच्यासाठी काढून ठेवायला लागल्या. ती माहेरी आली की आमची आई मुद्दाम भात बुडाला लावायची. मला तर हेवा वाटायचा, हिचे केवढे लाड!"

जयतीर्थराव उलथनं हातात घेऊन तसेच खाली बसले.

"मग बोलली का नाही कधी? मला तरी सांगायचं."

"मी विचारलं होतं एकदा. म्हटलं, अक्का, सांगून टाक की. तर म्हणाली," लीलाचा आवाज अडखळला, "म्हणाली, 'माझी आवड म्हणून त्यांनी लक्षात ठेवलेली ही एकच गोष्ट आहे गं. तीसुद्धा चुकली म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?'"

माणूस गेल्याचं दुःख जयतीर्थरावांना वर्षभर होतंच. पण माणूस घरात असताना आपण तिला ओळखलं नव्हतं, हे दुःख नवं होतं आणि ते फार खोल लागलं. रोज तिच्याकडे सरकवलेलं ते पातेलं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तिला काय आवडायचं?" त्यांनी अखेर विचारलं.

"वरचा भात. मऊ. वाफ असताना, त्यावर तूप."

म्हणजे ते रोज जेवत होते तो.

जयतीर्थराव उठले. परातीतला वरचा भात सुपारीच्या कृपेनं वाळून टणक झाला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, भांडं घासलं, तांदूळ धुतले आणि पुन्हा कुकर लावला. या वेळी खटक्यात काही ठोकलं नाही. सवाष्णीला मध्येच उठता येईना. लीला खरकटा हात धरून पाटावर बसून राहिली, हात वाळला, पाय आखडले, पण ती एका शब्दानं कुरकुरली नाही. कुकर आपला आपण टक् करून थांबला. जयतीर्थरावांनी वरचा भात अलगद काढून तिच्या पानात वाढला, तूप जरा जास्तच घातलं, आणि ती तो पूर्ण जेवेपर्यंत समोर हात जोडून बसले.

मग त्यांनी भांड्यात पाहिलं. प्रभंजनची गॅरंटी खोटी नव्हती, बुडाला लागलंच होतं. ते भांडं त्यांनी मांडीजवळ ओढलं आणि खाली बसून खरवडून खाऊ लागले. कडवट होतं. टाळ्याला टोचत होतं. ते खात राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

तेवढ्यात वेणूबाई नैवेद्याची वाटी घेऊन दारात आल्या. भांड्यात हात घालून बसलेले जयतीर्थराव त्यांनी पाहिले आणि त्या भारावून गेल्या.

"अगबाई! म्हणजे तुम्हालाही आवडते होय खरवड? डोळ्यांत पाणी आलं की हो तुमच्या!"

जयतीर्थरावांनी लीलाकडे पाहिलं. लीलानं मान खाली घातली.

"हो," जयतीर्थराव म्हणाले. "फार आवडते."

तेव्हापासून कंपाउंडच्या भिंतीवरून सारखी खरवडीची वाटी येते. "कशाला त्रास घेतलात?" असं म्हणून जयतीर्थराव ती घेतात, आत जातात आणि बसून सगळी खातात. डावीकडची दाढ गेली, आता ते उजवीकडून चावतात. परवा वेणूबाई लीलाला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगत होत्या, की माझ्या भाताला काही खरवड धरत नाही बाई, पण त्यांच्यासाठी म्हणून हल्ली मी गॅस मोठाच ठेवते.